बुधीआत्याची रीत

माझी बुधीआत्या कुणाच्याही घरात शिरली की आधी वर बघायची, मग खाली, मग माणसांकडे. वर आढ्याला जाळी किती, खाली भिंतीच्या कडेला उंदरांनी उकरलेली माती किती. माणसांची खुशाली त्यानंतर. तिच्या अंबाड्यात कोंबडीचं एक लांब पीस खोचलेलं असे. ते शोभेचं नव्हतं. बारीक फटीत तेल घालायला दुसरं काही आत जात नाही.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मग ती किन्हवलीजवळच्या आमच्या गावी परत आली. आमच्या परसापलीकडे तिचं लहानसं घर होतं. तिला घासभर भात पिकवणारं एक शेत होतं आणि बारा महिने पुरणारं एक वैर होतं. वैर किड्यामुंगीशी.

तिचं वर्ष पंचांगावर नव्हे, या मंडळींवर चाले. होळी झाली की ढेकूण. मृगाच्या आधी उंदीर, कारण शेतात पाणी साचलं की ते घरात येतात. बिळात ती आधी करवंदीचे काटे ठासायची, त्यावर फुटक्या बांगड्या, मग माती. "नुसती माती लावलीस तर उंदीर तिला दार समजतो," म्हणायची. पावसात विंचू आणि गोम. सरपण जमिनीला टेकू द्यायचं नाही, खाली दोन दगड ठेवायचेच. नवरात्राच्या आधी कोळी. घरातली जाळी सगळी काढायची, गोठ्यातली एकही नाही, कारण गोठ्यात माश्या. थंडीत भात कणगीत भरताना मधेमधे निरगुडीचा पाला, आणि कणगीच्या तोंडाला शेणमातीचा लेप.

हे सगळ्याच बायकांना ठाऊक होतं. फरक कामात होता. मी पुढं रेल्वेच्या लाइनीवर आयुष्यभर घण मारला. कुणी काम केलं आणि कुणी हात फिरवला, हे मला लांबून कळतं. बुधीआत्या हात फिरवत नसे.

त्रेचाळीस सालची गोष्ट. माझी बहीण मैना लग्नाची होती. आदल्या वर्षी तिला बघायला एक पाहुणे आले, रात्री राहिले आणि तांबडं फुटायच्या आत अंगणात अंग खाजवत उभे राहिले. चहाही न घेता गेले. निरोप आला नाही, पण गोष्ट सगळीकडे गेली. किन्हवलीच्या बाजारात लोक माझ्या बापाला हाक मारून विचारायचे, "काय लडकूदादा, तुमच्याकडे मुक्काम केला तर रगात किती द्यायला लागतं?" त्यानंतर वर्षभर आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. मैना पाण्याला जायची ती सगळ्या बायका परतल्यावर.

आणि होळीनंतर वैशाखरे गावाहून निरोप आला. कोंडू पाटील आणि त्यांचा भाऊ पाटलांच्या मुलासाठी मुलगी बघायला येतो म्हणाले. चालत येणार, म्हणजे मुक्काम आलाच.

बाबा त्याच संध्याकाळी आत्याकडे गेले. "बाय, या खेपेला गेलं तर पोरगी घरातच राहील गो."

"तुझ्या घरात ढेकूण हायत, हे तुला आज कळलं?"

"घासलेट मारतात ना?"

"मार की. हाय का?"

नव्हतं. लढाई चालू होती. दिव्याला घासलेट मिळेना, तर ढेकणांना कुठून?

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आली. तिनं बाजा अंगणात काढायला लावल्या आणि मला म्हणाली, "अनंता, सोड."

"काय सोडू?"

"सुंभ. सगळं. गाठ सुद्धा ठेवू नको."

बाज उन्हात टाकायची, चार वेळा आपटायची, खाली पडतील ते चिरडायचे, हे सगळे करतात. सगळी वीण उसवून बाजेचा नुसता सांगाडा करणारी बाई मी ती एकटीच पाहिली. सुंभाचा ढीग तिनं राखेच्या पाण्यात उकळला. उकळतं पाणी तिनं बाजेच्या पायांच्या, म्हणजे खुरांच्या भोकांत ओतलं, एकदा वरून, मग बाज उलटी करून खालून. वाळल्यावर पीस काढलं आणि करंजाचं तेल सांध्यासांध्यात फिरवलं. मग कुडाच्या भिंती. कारवीच्या काड्यांत जिथं माती सुटली होती तिथं आधी तेल, मग शेणमाती. हे झालं तेव्हा माझी बोटं सोलली होती.

"झालं ना गो आत्या?"

"झालं कसं? आता अंडी फुटतील. आठवड्यानं परत."

"परत सुंभ सोडायचं?"

"मग काय त्यांना सांगणार, बाबांनो, बाहेर या?"

परत सोडलं. परत उकळलं. त्या खेपेला खुरातून काही निघालं नाही, तरी पाणी तेवढंच ओतलं. माझी आई आत जाऊन हसली आणि मग बाहेर येऊन तिनंही हंडा उचलला.

पाहुणे यायच्या दिवशी दुपारी शेजारची धोंडीबाई डोक्यावर बाज घेऊन अंगणात उभी. आमच्याकडे पद्धतच आहे, एका घरी पाहुणे आले की आळी आपापली बाज, घोंगडी, तांब्या घेऊन येते. घेतलं नाही तर तो अपमान, आणि धोंडीबाई अपमान विसरणाऱ्यांतली नव्हती.

"घ्या गो वयनी. माझ्या बाजेवर झोपवा पाव्हण्यांना."

आईचं तोंड उतरलं. धोंडीबाईची बाज म्हणजे ढेकणांचं गाव. आत्या शांतपणे पुढं झाली.

"धोंडे, तुझी बाज आत कशाला? ती मानाची. अंगणात मधोमध लावू. पाव्हणा गावात शिरला की आधी तुझ्या बाजेवर बसेल. आत काय, रात्री कुणाला दिसतंय!"

धोंडीबाई फुलली. बाज भर उन्हात मधोमध लागली. उन्हात ढेकूण बाहेर येत नाही, आणि पाहुणे त्यावर बसून गूळपाणी घेऊन उठले. धोंडीबाई कौतुकानं तिथंच थांबली.

कोंडू पाटील माणूस मोकळा होता. मैनानं पाणी दिलं, त्यांनी तिला भाताची चार वाणं विचारली, तिनं सहा सांगितली. ते खूश दिसले. दिवस कलला. "जरा पाठ टेकतो," म्हणून ते आत आले आणि खांद्यावरचं घोंगडं आमच्या उकळलेल्या बाजेवर टाकायला त्यांनी उलगडलं.

आत्या पाण्याचा तांब्या घेऊन शेजारीच उभी होती. तिची नजर घोंगड्याच्या काठावर गेली. मीही बघितलं. काठाच्या दशांतून एक टपोरा ढेकूण सावकाश चालला होता, घरचा असल्यासारखा.

सांगावं तर सोयरिक गेली. न सांगावं तर रात्री चावणार, आणि सकाळी नाव आमचंच. बापानंही तो बघितला आणि डोळे मिटले.

"पाव्हणं, घोंगडं द्या इकडं," आत्या म्हणाली.

"कशाला?"

"आमची रीत हाय. सोयरिकीला आलेल्या माणसाचं घोंगडं पहिल्या रात्री मागच्या पडवीत टांगायचं. घरच्या देवाला कळतं कोण आलंय ते. अंथरूण आमचं."

बाबांनी डोळे उघडले. त्यांना आपल्या घरात अशी रीत असल्याचं त्याच क्षणी कळलं. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात आईनं त्यांचा पाय दाबला.

"आमच्या वैशाखऱ्यात अशी रीत नाय," कोंडू पाटील घोंगडं न सोडता म्हणाले. मग दाराकडे वळून त्यांनी विचारलं, "काय गो बाय, तुमच्या सगळ्या गावात टांगतात?"

दारात धोंडीबाई होती. माहेर-सासर धरून तिनं याच गावात जन्म काढला होता. असलं टांगणं तिनं कधी बघितलेलं नव्हतं. वर्षभर "रगात किती देता" हा विनोद पाणवठ्यावर तिनंच चालवला होता. तिनं आत्याकडे बघितलं. मग अंगणात मधोमध लागलेल्या आपल्या बाजेकडे बघितलं.

"टांगतात म्हणजे!" ती म्हणाली. "माझ्या टायमाला सासऱ्यानं नाय दिलं टांगायला. आठ दिसांत त्याची म्हैस आटली."

कोंडू पाटलांनी घोंगडं दिलं. त्यांच्या भावानं तर न मागता दिलं. त्यांच्या घरी दोन म्हशी होत्या.

आत्यानं घोंगडी हातभर लांब धरून पडवीत नेली आणि दोरीवर टांगली. धुरानं ढेकूण मरत नाही, नुसता हलतो, म्हणून तिनं चूल पेटवायच्या भानगडीत वेळ घालवला नाही. दोरीच्या दोन्ही टोकांना करंजाचं तेल लावलं, म्हणजे खाली उतरायला वाट नाही. उजाडल्यावर घोंगडी मागच्या कातळावर पसरली, तापल्यावर झटकली आणि एकेक दशी बोटांत धरून बघितली. पाहुण्यांच्या न्याहारीला तिनं मुद्दाम उशीर केला.

कोंडू पाटील त्या सकाळी हात वर करून आळस देत बाहेर आले. "लडकूशेट, किती दिसांनी डोळा लागला! घरी पडलो का खाजवायलाच लागतो. तुमच्या घरात देव चांगला हाय." आणि पायरीवर बसून त्यांनी सुपारी फोडायचं बोलून टाकलं.

"देव!" आत्या आत मला म्हणाली. "माझी कंबर बघ म्हणावं."

लग्न वैशाखात झालं. नंतर मैनाला माहेरपणाला आणायला बाबा, मी आणि आत्या वैशाखऱ्याला गेलो. उन्हाचे चालून घाम निथळत होता. घराच्या उंबऱ्यात मैनाची सासू दोन्ही हात पुढं करून उभी.

"घोंगडी द्या आधी. तुमची रीत ना? आमीपण धरली."

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी आत्याकडे. आत्यानं स्वतःचं घोंगडं खांद्यावरून काढलं, उलटसुलट करून नीट बघितलं आणि देऊन टाकलं.

"तुझ्यात नाय ना काय?" मी हळूच विचारलं.

"माझ्यात नाय. तुझ्या बापाचं द्यायला मात्र उशीर करू नको."

आम्ही गूळपाणी घेतलं. आत्या काही बसली नाही. तिनं वर आढ्याकडे बघितलं, भिंतीच्या कडेनं बघितलं, मग पडवीत गेली. तिथून तिचा आवाज आला.

"मैने, नुसतं टांगून काय होतंय गो? दोरीला तेल कुठाय?"

ती परत आली तेव्हा अंबाड्यात पीस नव्हतं. ते मैनाच्या हातात होतं.