जनरेटरची वाट

आतिफाला नोकरी लागली तेव्हा बोर्ली पंचतनातल्या नातेवाइकांना वाटलं होतं, ती पनवेलच्या ऑफिसात पंख्याखाली बसणार. एका मदतसंस्थेची रायगड किनाऱ्याची समन्वयक, असं तिचं पद. काम वेगळंच निघालं. दरड कोसळो, पूर येवो, पहिल्या दिवसांत कुठे काय आधी पोहोचवायचं हे तिने ठरवायचं. म्हणजेच कोणाला थांबायला सांगायचं, तेही तिनेच. लोकांना "उद्या" म्हणून म्हणून तिचा आवाज बसल्यासारखा झाला होता.

जूनमधलं ते चक्रीवादळ तिच्याच तालुक्यावर आलं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे शेतात जाऊन पडले, विजेचे खांब रस्त्यावर कोसळले. संस्थेने पाठवलेल्या ताडपत्र्या वाटून झाल्या, तेव्हा कळलं की खरी अडचण पाण्याची आहे. वीज नाही म्हणून नळयोजनेचे पंप बंद. वरून पाऊस कोसळत होता आणि बायका पिण्याच्या पाण्यासाठी हंडे घेऊन वणवणत होत्या. आतिफाने संस्थेच्या मुंबई ऑफिसला निरोप धाडून एक मोठा जनरेटर मिळवला. उरणचा चांगदेव तो टेम्पोवर घालून गावोगाव नेई, पंपाला जोडून टाकी भरून देई, की पुढचं गाव. एरवी तो न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. मोबाईलला रेंज नव्हती, त्यामुळे पुढे कुठे जायचं ते त्याला समोर गाठून सांगावं लागे.

त्या दुपारी जनरेटर बोर्लीत होता. टाकी भरेपर्यंत ती आईला बघायला घरी गेली. वादळानंतर पहिल्यांदाच. पडवीचं छप्पर उडालं होतं. आई, महेरुन्निसा, स्वयंपाकघरात गळतीखाली भांडी लावून बसली होती. आतिफाने दारातूनच विचारायला सुरुवात केली: ताडपत्री मिळाली का, तांदूळ भिजले का, औषधं आहेत का.

"घरला आलीस का कामाला आलीस?" आईने विचारलं.

आतिफा आत येऊन बसली. पुढे आलेली तांदळाची भाकरी खाल्ली, जरा चटईवर पाठ टेकली आणि तिला गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा दिवस कलला होता. धावत टाकीपाशी गेली, तर टेम्पो नव्हता. परत आल्यावर आईने शांतपणे सांगितलं, की ड्रायव्हर विचारायला आला होता आणि तिने त्याला डोंगरावरच्या वाडीत पाठवलं. मासे विकणारी काशी सकाळीच सांगून गेली होती, तिथले लोक ओढ्याचं गढूळ पाणी पितात, पोरांना जुलाब लागलेत.

 त्या वाडीत झरा आहे असं आतिफाला कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून तिने वाडी शेवटी ठेवली होती. आणि आजचा शब्द तिने खाडीकाठच्या गावाला दिला होता.

"मला उठवायचं होतंस, अम्मी."

"उठवलं की. तू 'उद्या, उद्या' म्हणालीस नि कूस बदललीस."

चांगदेव परतला तो चिखलाने माखून. वाडीची टाकी भरली होती. येताना एका लहान मुलीला तिच्या आईसकट टेम्पोत घालून त्याने दवाखान्यात पोहोचवलं होतं. सलाईन लागलं होतं, आता ती बरी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतिफा स्वतः टेम्पोत बसून खाडीकाठी गेली. बायका आदल्या दुपारपासून अंधार पडेपर्यंत पावसात हंडे मांडून थांबल्या होत्या, हे तिला तिथे कळलं. नीराबाई नावाची वयस्कर बाई पुढे आली.

"येनार न्हाय तं न्हाय सांगायचं," ती म्हणाली. "वाट बघत बसलो, म्हनून दुसरीकडनं आनायचं तेबी ऱ्हायलं."

वाडीतल्या मुलीची गोष्ट आतिफाच्या ओठांवर आली होती. ती तिने सांगितली नाही.

"मला झोप लागली होती," ती म्हणाली.

पंप सुरू झाला तशी नीराबाई नळाकडे वळली.

पनवेलच्या बैठकीत आतिफाने हे सगळं जसं घडलं तसं सांगितलं. संस्थेची गाडी तुमच्या आईने कशी काय पाठवली, असं साहेबांनी विचारलं. चुकलंच, ती म्हणाली; पण मी तीन माणसांचं काम एकटीने करते आणि मला जोडीला माणूस हवं. बरेच महिने काही झालं नाही. मग हेमाली नावाची मुलगी रुजू झाली. नोकरी सोड, असं कुवेतहून नवरा नदीम दर फोनला सांगतो. हा पावसाळा जाऊ दे, मग बघू, असं आतिफाचं उत्तर असतं.

पुढच्या पावसाळ्यात पूर आला तेव्हा दोघी एका शाळेत मुक्कामाला होत्या. हेमालीने तिला बळेच आडवं व्हायला पाठवलं. आतिफाने बाकं जोडून अंग टाकलं. बाहेर हेमाली कोणाला तरी होडीचा रस्ता समजावत होती, आणि ती तो चुकीचा सांगतेय की काय असं आतिफाला वाटत होतं. झोप लागली नाही. पण ती उठली नाही.