दोन बादल्या

आमच्या शेजारचे काका इथे परदेशात डोंगरातले मूळचे ट्राउट मासे जपण्याचं काम करतात. काही बोलण्याआधी ते हमखास चष्मा पुसतात. गेल्या उन्हाळ्यात दोन ओढे आटू लागले, तेव्हा मासे हलवायला मीही गेलो. तिथे माशांच्या दोन अर्ध्या भरलेल्या बादल्या दिसल्या. फेरी वाचेल म्हणून मी एकीतले मासे दुसरीत ओतले.

काकांनी चष्मा पुसला. "दोन ओढ्यांचे होते रे. दोन वेगळे वंश, कधीच एकत्र न आलेले."

"सॉरी काका, पण दिसतात तर सेम."

"म्हणून तर बादल्या दोन होत्या."

मग त्यांनी दिवसभर बसून प्रत्येक माशाच्या शेपटीचा बारीक तुकडा डीएनए टेस्टसाठी कापून घेतला, कोणता मासा कुठल्या ओढ्याचा ते कळावं म्हणून.

अजूनही ते मला बोलावतात. बादली मात्र एकच देतात.