लगेच निघा, काही विचारू नका

हसू नका असं आधीच बजावून काही उपयोग नाही, तुम्ही हसणारच. पण निदान चहा संपेपर्यंत तरी दम धरा. माझ्या हातून झालेला घोटाळा असा आहे, की अजूनही कुंडलच्या रस्त्याला लागलो की मी हेल्मेटची काच खाली ओढून घेतो. ओळखतात ना लोक!

तर मी साताऱ्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, संशोधन विभागात. माझं काम काय? आमच्या मॅडम आणि त्यांचे विद्यार्थी जे काही शोधून काढतात, ते बनवून बाजारात नेणारा कारखानदार गाठायचा, त्याला भागीदार करायचा, सह्या घ्यायच्या. आणि माझा स्वभाव तर तुम्हाला ठाऊकच आहे. गॅस बंद केला का हे बघायला वाढे फाट्यावरून परत घरी आलेला माणूस मी. तेही एकदा नाही.

आमचं संशोधन म्हणजे 'चाहूल'. साबणाच्या डबीएवढी पांढरी डबी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात ठेवायची. कॅमेरा नाही, काही नाही. माणूस घरात हिंडतंफिरतंय, एवढंच तिला समजतं. दिवसाउजेडी चार तास कुणी हललंच नाही, तर ठरलेल्या फोनवर लाल खूण येते आणि भोंगा वाजतो.

यंत्र छान होतं हो. पण महिनाअखेर कारखानदाराची सही आली नाही तर प्रकल्प बंद, असं वरून पत्र आलेलं. म्हणजे डबी जाणार मॅडमच्या लोखंडी कपाटात, आधीची तीन संशोधनं तिथेच झोपली आहेत. आणि मी जाणार घरी. सात कारखानदारांनी मला चहा पाजून वाटेला लावलं होतं. आठवे होते कुपवाडचे मगदूम अण्णा. प्लास्टिकच्या सुट्या भागांचा कारखाना, बोलणं मोजकं. करार त्यांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "सही नंतर. आदी ह्ये वापरणारं माणूस दाखवा."

वापरणारं माणूस आमच्याकडे एकच. कुंडलच्या हौसाक्का. वय अठ्ठ्याहत्तर, मुलगा विलास पुण्यात नोकरीला. चाचणीसाठी त्यांच्या सोप्यातल्या, म्हणजे पुढच्या खोलीतल्या, कपाटावर मीच डबी ठेवून आलो होतो. निघताना म्हणालो, "आक्का, नवीन वस्तू आहे, जपा हं. धूळ बसू देऊ नका." हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढे ते माझ्याच अंगावर येणार आहे.

ठरलं असं. सकाळी अकराला मी कुपवाडला जायचं, अण्णांना फोनवर सगळं दाखवायचं, मग त्यांच्याच गाडीतून कुंडलला हौसाक्कांकडे जेवायला. जेवणाचा हट्ट आक्कांचा. आदल्या दिवशी मी फोनवर तीनदा सांगितलं, अण्णा जैन आहेत, कांदा-लसूण नको, बटाटा नको. तिसऱ्यांदा त्या वैतागल्या. "आरं, शेजारी जैनांचीच घरं हायत. मला काय शिकवतोस? तू गप झोप जा!"

मी झोपलो नाही, हे वेगळं सांगायला नको.

सकाळी अण्णांच्या केबिनमध्ये मी फोन पुढे धरला. "हे बघा अण्णा, हिरवी खूण. म्हणजे आक्का घरात व्यवस्थित आहेत."

एवढं बोलायला आणि भोंगा वाजायला एकच गाठ! हिरवी खूण लाल. खाली अक्षरं, 'चार तास हालचाल नाही.'

आता काय सांगू तुम्हाला, खुर्चीचा दांडाच धरला मी.

"ह्यो कसला आवाज?" अण्णा.

"चाचणी, अण्णा. मुद्दाम लावलीय. भोंगा कसा वाजतो ते दाखवायला."

खोटं! चक्क खोटं बोललो. एका बाजूला आक्का, दुसऱ्या बाजूला सही, आणि मधे मी घामानं भिजलेला. हात धुवायचं निमित्त काढून बाहेर पळालो आणि आक्कांना फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाहीत. पुन्हा लावला. नाही. शेजारी सलीमभाई, शिवणकामाचं दुकान, त्यांना लावला. तेही उचलेनात. डोळ्यांसमोर काय काय यायला लागलं म्हणता! आक्का न्हाणीत पडल्यात. आक्का चुलीपाशी पडल्यात. आक्का पडल्या तेव्हा मी इथे बसून बिस्किट खात होतो.

आत आलो तर भोंगा पुन्हा.

"ही बी चाचणी?" अण्णांनी विचारलं.

"हो... दुसरी."

अण्णांनी चष्मा काढला. "सर, तुमचा रंग उडालाय. काय झालंय ते बोला."

आणि मी सगळं ओकलो. अण्णांनी गाडीची किल्ली उचलली. सही, करार, सगळं टेबलावर तसंच राहिलं.

गाडीत मी गप्प बसेन? एका हातानं रुग्णवाहिकेला फोन, दुसऱ्या हातानं कपाळ पुसतोय. मग म्हटलं, मुलाला कळवायला नको? विलासरावांना फोन लावला. आता माणूस पुण्यात, उगाच घाबरवायचं कशाला? म्हणून मी अगदी शांत, हळू आवाजात म्हणालो, "विलासराव, लगेच निघा. काही विचारू नका. इथे आम्ही आहोत."

आणि फोन ठेवला. मला स्वतःचंच कौतुक वाटलं, काय सांभाळून बोललो!

अण्णांनी गाडी हळू केली. "सर, ह्ये काय बोललासा तुमी?"

"का? घाबरू नयेत म्हणून जास्त सांगितलं नाही."

"आपल्याकडं असं कवा सांगत्यात?"

मी विचार केला. आणि उजेड पडला. अहो, आपल्या भागात माणूस गेलेलं फोनवर कुणी सांगतं का? गाडी चालवत येणाऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून असंच सांगतात. लगेच निघा. काही विचारू नका. आम्ही आहोत. माझ्या आजोबांच्या वेळी मला अगदी हेच शब्द सांगितले होते!

पुन्हा विलासरावांना फोन. व्यस्त. पुन्हा व्यस्त. कसा लागेल? ते भावकीला कळवत होते ना!

कुंडलला पोचलो तर आक्कांच्या दारात तीसेक माणसं. डोक्याला टॉवेल बांधलेले पुरुष एका बाजूला उकिडवे बसलेले. बायका ओट्यावर, एकीनं सूर लावला होता. कोपऱ्यात कुणीतरी दोन हिरवे बांबू आणून भिंतीला टेकवून ठेवले होते. ते बांबू बघितले आणि मी समजून चुकलो. गेल्या. आक्का गेल्या. भावकीला आत जाऊन खात्री करून घ्यायची गरजच वाटली नव्हती, खुद्द मुलाचा फोन आला म्हटल्यावर. विलासराव येईपर्यंत दाराला हात लावायचा नाही म्हणून सगळे बाहेर खोळंबलेले. आणि मी त्यांच्याकडे बघून खात्री करून घेतली. म्हणजे बघा, बातमी माझीच आणि विश्वासही माझाच बसला!

मी मटकन ओट्यावर बसलो आणि ओक्साबोक्शी रडायला लागलो. खोटं का सांगू, त्या घडीला सही-बिही काही आठवत नव्हतं. फक्त त्यांनी 'गप झोप जा' म्हटलेलं आठवत होतं.

तेवढ्यात घराच्या बोळातून, परसाकडून, हौसाक्का आल्या. हात कोपरापर्यंत कणकेचे, तोंडावर चुलीची राख. दारातली गर्दी बघितली, बांबू बघितले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"आगं बया! कोण गेलं गं?"

गळा काढलेली बाई आ वासून बसली. आक्का माझ्यापाशी आल्या, माझ्या पाठीवर कणकेचा हात फिरवायला लागल्या आणि स्वतःही रडायला लागल्या. "रडू नगं लेकरा. कोण हुतं तुजं?"

काय सांगायचं? तुम्हीच होता आक्का, असं सांगायचं?

शेवटी अण्णांनीच सगळं सांगितलं, कमीत कमी शब्दांत. तोवर रुग्णवाहिका आली. आता बोलावलीच आहे तर रिकामी कशी जाईल? त्यांनी माझाच रक्तदाब मोजला. मोजणारा म्हणाला, "आजी बऱ्या हायत. ह्यास्नी आडवं करा."

मी सोप्यात आडवा. तिथून समोर कपाट दिसलं, आणि कपाटावर आमची डबी. डबी म्हणजे, डबी दिसतच नव्हती. तिच्यावर क्रोशाचा पांढराशुभ्र रुमाल, कडेला लाल मण्यांची झालर, चारी बाजूंनी अगदी बेतात शिवलेला. टीव्हीला असतो, मिक्सरला असतो, तस्साच. आतून बिचाऱ्या डबीला काय दिसणार?

"आक्का, हे काय केलंत?"

"पाव्हणं यायचं हुतं न्हवं? सकाळी सातलाच घातला. तूच म्हणलास, धूळ बसू द्यायची न्हाई. म्हयनाभर इनत हुते. झालर सलीमनं लावून दिली."

सलीमभाई मागेच उभे होते. आक्कांनीच केळीची पानं आणायला त्यांना पलूसला पिटाळलं होतं, गाडीवर फोन ऐकू आला नव्हता. आणि आक्का सातपासून परसातल्या चुलीवर, फोन सोप्यात. "झालर जरा जास्तीच झाली का वो सर?" असं सलीमभाईंनी फार अपराध्यासारखं विचारलं.

आता राहिले विलासराव. फोन लागला तेव्हा ते खंबाटकी घाट उतरले होते. "आक्का बऱ्या आहेत," मी म्हणालो. "सर, मी खंबीर आहे, खरं सांगा," ते रडत म्हणाले. सलीमभाईंनी सांगितलं, पटेना. अण्णांनी सांगितलं, पटेना. धीर द्यायला सगळे असंच बोलतात ना! शेवटी आक्कांनी फोन हिसकावला.

"इलास! जित्ती हाय मी!"

पलीकडे हुंदका.

"मेले म्हणल्याव बरा निगालास रं! दिवाळीला बलवलं तर रजा न्हाई म्हणलास. आता आलायस हितवर तर मागं फिरू नगंस. जेवाण तयार हाय."

आणि ते आले. बांबू परत गेले, भावकी जेवायला थांबली. बिनकांद्याची आमटी आणि पोळ्या, पंगतीवर पंगत. विलासराव आईच्या शेजारी बसून जेवत होते आणि आक्का स्वतः न जेवता नुसत्या मुलाच्या ताटाकडे बघत होत्या. अण्णा हे सगळं बघत होते. हात धुतल्यावर मी हळूच म्हणालो, "अण्णा, आता सही नाही केलीत तरी माझं काही म्हणणं नाही."

"यंत्र खोटं बोललं न्हाई, सर," अण्णा म्हणाले. "त्येला दिसंना, त्येनं दिसंना म्हणून सांगितलं. खोटं तुमी बोललासा. दोनदा." आणि पेन मागितलं.

सही झाली! फक्त दोन अटी. एक, डबी झाकली गेली तर तसं वेगळं कळलं पाहिजे. दुसरी, डबीचा निरोप घरच्या माणसाला जाईल, शेजाऱ्याला जाईल, पण सरांच्या फोनवर कदापि जाणार नाही. माझं नाव त्या करारात तेवढ्या एका ठिकाणी आहे.

मी सगळ्या डब्यांतून माझा नंबर काढला. आक्कांच्या जुन्या डबीत मात्र विलासरावांचा नंबर घातला आणि माझाही राहू दिला. आपली सवय.

परवा रविवारी सकाळी भोंगा वाजला. चार तास हालचाल नाही. मला पक्कं माहीत होतं, रुमाल असणार. बायकोही म्हणाली, रुमाल असणार. सलीमभाईंनी तर खिडकीतून बघून फोनवर सांगितलं, "आक्का शेंगा फोडतायत सर, रुमाल हाय." तरी अडीच तासांनी मी कुंडलमध्ये, दारात, हेल्मेट घालून, धापा टाकत.

आक्कांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुज्यासाठी न्हवतं रं झाकलं," त्या म्हणाल्या. "इलासला बलवायचं हुतं. पर आता तूच आलायस, तर बस जेवायला."