टणक हवा

देवरीच्या बसथांब्याची अर्धी वाट सरली, तरी ओमेश्वर लंगडतच सायकल ढकलत होता. कुडव्यात सायकली दुरुस्त करणारा हा माणूस डोंगरातल्या शर्यतीच्या सरावाला आला आणि उतारावर उडी घेताना आपटला.

"चाळिशीत उड्या कायले मारून राहिला रे?" सोबत आलेली मोठी बहीण दुर्गेश्वरी म्हणाली. "ही सायकल त्या कामाची नाहीच."

"लहान उडी झेलते, ताई. जोराचा उतारही झेलते. मीच धानाची पोती वाहायच्या सायकलीसारखी टणक हवा भरली, म्हणून दगडावर चाक उसळलं."

देवीनं हाडं राखली म्हणत तिनं त्याचा हात धरला.

"रामकली आता सायकल विकायला लावन," बायकोच्या धाकानं तो म्हणाला. "ती तुझं ऐकते. तिले सांगजो, चूक सायकलची नाही, माझी होती."