उज्ज्वलाची अर्धी साखळी

मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची उज्ज्वला राठोड बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिची स्वतःची एक नळी होती. नळीत खसखशीएवढे मणी, आणि त्या मण्यांवर एकेक कडी जोडत साखळी वाढवायची. एक द्रावण घाला, हलवा, धुवा. मग दुसरं घाला, पुन्हा धुवा. सुचिता मॅडम त्या साखळीला पेप्टॉइड म्हणत. प्रथिनासारखीच, पण माणसानं घडवलेली, शरीरातल्या रसांना सहजी न तुटणारी. चिघळलेल्या जखमेतल्या जंतूंवर ती चालते का, ते बघायचं होतं. पुस्तकातला ठरलेला प्रयोग नव्हता तो. उत्तर मॅडमनाही ठाऊक नव्हतं. उज्ज्वलाला त्याचंच वेड लागलं.

"मण्यांयले आंघोळच घालत बसतं का दिवसभर?" सोबतचा करण चिडवायचा.

"तुयी साखळी मधातच तुटली ना, तशी माही तुटू नाई म्हणून."

दिवाळी सरली आणि तिची याडी, म्हणजे आई, बेबीबाई पाण्याची घागर घेऊन घसरली. कंबर धरली ती धरलीच. ऊसतोडीला जाणं तर भागच होतं. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. दोघांच्या जोडीचा एक कोयता. एकटा तिचा बा, मोहनसिंग, म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम नाही म्हणाला.

बा तिला 'चाल' असं म्हणालाच नाही. जेवताना त्यानं विचारलं, "तुयी परीक्षा कवा हाय?"

"मार्चात."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "तवर कारखाना चालूच राह्यते."

बेबीबाई भिंतीकडे तोंड करून निजली होती. ती जागी आहे, हे दोघांनाही कळत होतं.

ज्यानं साखळी सुरू केली त्यानंच ती पुरी करायची, असा मॅडमचा नियम होता. "फ्रीजमध्ये ठेवते मी नळी. आलीस की कर," त्या म्हणाल्या.

"नको मॅडम. मी कवा येईन, काय सांगू? करणले द्या."

तिनं करणला मणी कसे धुवायचे ते पुन्हा दाखवलं. त्या दिवशी त्यानं चेष्टा केली नाही.

माघात, उसाच्या फडात मॅडमचा फोन आला. "उज्ज्वला, साखळी पुरी झाली. तपासून आली, वजन अगदी बरोबर आहे, म्हणजे एकही कडी सुटली नाही."

"आन् जंतू?"

"नाही गं. जंतूंवर नाही चालली."

"मंग आता काय बदलून राह्यले?"

"एक कडी बदलून बघायचीय. परीक्षेचं पुढच्या वर्षी बघू, पण ही नवी साखळी तूच कर."

याडीची कंबर अजून तिला वाकू देत नव्हती. पुढच्या दिवाळीनंतरही कोयत्याला दुसरं माणूस लागणारच होतं. तरी तिनं विचारलं, "कोनती कडी?"

मॅडम सांगू लागल्या. समोर बा उसाची मोळी छातीशी उचलून उभा होता, तिच्या डोक्यावर द्यायला. मोळी खाली घसरली की तो ती गुडघ्यानं वर सारत होता, पण तिला हाक मारत नव्हता.

"मॅडम, ते करणले सांगा. मी फोन ठेवतो," ती म्हणाली, आणि मोळीखाली डोकं दिलं.