पाण्यात उतरायचं सूत

इंदूमावशीला कुणी नवं माणूस भेटलं, की नाव विचारण्याआधी तिचा हात त्याच्या कपड्याकडे जायचा. अंगठा आणि तर्जनी यांच्यात कापड धरून ती ते हलकेच चोळायची आणि मगच माणसाच्या तोंडाकडे बघायची. लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारीण म्हणून ती आमच्या दारात उभी राहिली. माझा पदर चोळून म्हणाली, "सुती म्हणान विकल्यान ना तुका? अर्धा टेरिलीन हा." साडी माहेरची होती. मला थोडा रागच आला. पण ती म्हणाली ते खरं होतं, हे पहिल्या धुण्यातच कळलं.

तरुणपणी ती गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. बॉबिनवर सूत भरायचं, तुटलं की बोटांनी जोडायचं. गिरणी बंद पडली तरी बोटांची सवय गेली नाही, म्हणून तिने क्रोशाची सुई हातात घेतली. तिच्या क्रोशाच्या रुमालांनी आमच्या मजल्यावरचे सगळे टीव्ही झाकलेले असत. टीव्ही पातळ होऊन भिंतीवर गेले, तेव्हा ते रुमाल पाण्याच्या माठांवर आले.

साठी उलटल्यावर तिचा डावा स्तन काढावा लागला. मुलगा महेश आणि सून सोनाली यांनी सगळं मनापासून केलं. जखम भरली, पण डावा हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. मी तेव्हा तिच्यासोबत होते. तिच्या चेहऱ्यावर माहेरचं बोलावणं आल्यासारखं काहीतरी उजळलं. मालवणजवळच्या खाडीकाठच्या गावात ती वाढली होती. पाण्यात पडलेला नारळ आणायला परकर खोचून पलीकडच्या काठापर्यंत जायची. लग्न होऊन मुंबईला आल्यापासून नळाचं आणि पिंपाचं सोडून दुसरं पाणी तिच्या अंगाला लागलं नव्हतं.

दादरच्या बाजूला महापालिकेचा तलाव होता. सकाळी बायकांची बॅच असे, पण पोहण्याचा पोशाख सक्तीचा. आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानातली मुलगी चांगली होती, तिने सात-आठ पोशाख काढून दाखवले. मावशी एक घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. शेवटी मी पडदा बाजूला केला. आरशात उजवी बाजू भरलेली दिसत होती. डावीकडे कापड पोकळ लोंबत होतं. मुलगी मागून हळूच म्हणाली, आत घालायला पॅड मिळतात. मावशीने पोशाख काढला, नीट घडी करून तिच्या हातात दिला आणि आम्ही बाहेर पडलो. घरी आल्यावर दारात चपला काढताना म्हणाली, "मी विणतंय."

मला वाटलं, ही रागाने बोलतेय. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले, तर मोरीत बादली भरून ठेवलेली. पाण्यात तिने खाडीसारखं मीठही घातलं होतं. घरातल्या प्रत्येक सुताचा चार बोटांचा एकेक चौकोन विणून तिने रात्रभर बुडवून ठेवला होता. आता ते दोरीवर चिमट्याने टांगले होते आणि ती पट्टी घेऊन मोजत होती. सुती चौकोन पाणी पिऊन दीडपट लांब झाला होता. लोकरीचा जड होऊन आक्रसला होता. अ‍ॅक्रिलिकचा ताणला की तसाच राही, मागे येत नसे. मी म्हटलं, सुतीच घे, अंगाला मऊ लागतं. तिने चौकोन माझ्या हातात पिळला, आणि माझ्या कोपरापर्यंत पाणी ओघळलं. मग तिने तिचं नेहमीचं वाक्य ऐकवलं, "सूत भिजल्याशिवाय तेचो सोभाव कळणा नाय."

त्या महिनाभरात आम्ही सुतासाठी पुष्कळ हिंडलो. वरळी कोळीवाड्यात जाळं विणत बसलेल्या एका बाईला तिने विचारलं, तुमचं जाळं पाणी का पीत नाही? नायलॉन पीत नाही, पण हा धागा अंगात घातलास तर कातडी सोलून निघेल, असं ती बाई हसत म्हणाली. त्यावरून मावशीला दिशा मिळाली. बारीक, मऊ नायलॉन, आणि त्यात थोडं रबरासारखं ताणणारं सूत मिसळलेलं. दादरच्या एका दुकानात ते सापडलं. प्रत्येक लडी ती ताणून सोडायची. धागा झटकन मागे येतो का, ते बघायची. दुकानदार वैतागला होता.

सुई तिने नेहमीपेक्षा बारीक घेतली. सगळे मुके खांब, म्हणजे आखूड टाके, एकमेकांना चिकटून, मध्ये जाळी म्हणून नाही. माप अंगापेक्षा दोन बोटं कमी, कारण पाण्यात थोडं तरी सैल पडणारच. काखेच्या आणि मांडीच्या कडेला बारीक इलॅस्टिक सोबत विणलं, आतून पातळ अस्तर लावलं. डावीकडे तिने टाके कमी करत नेले आणि बाजू सपाट उतरवली. मी सुचवलं, तिथे एखादं फूल विण, म्हणजे कळून येणार नाही. सुई न थांबवता ती म्हणाली, "लपवायचाच असता तर दुकानातला घेतलंय नसतंय?"

पहिला पोशाख मरून रंगाचा होता. तो घालून ती मोरीत बसली आणि मी वरून बादल्या ओतल्या, तर मोरीभर लाल पाणी झालं. बॅच सुरू व्हायला दहा दिवस राहिले होते. माझा धीर सुटला. तिने निळी लडी आधी भिजवून पाहिली आणि पुन्हा पहिल्या टाक्यापासून सुरुवात केली.

तलावावर देखरेख करणाऱ्या बाईंनी मात्र अडवलं. विणलेलं चालणार नाही, धागे सुटून पाण्यात जातात, असं त्यांचं म्हणणं. मावशी वाद घालत बसली नाही. बादली मागवली, पोशाख त्यात घातला, त्यांच्यासमोर खसाखसा चोळला आणि पिळून बाजूला ठेवला. पाणी स्वच्छ होतं. बाईंनी वाकून पाहिलं, पोशाखाची डावी बाजू पाहिली, मग मावशीकडे पाहिलं. मग त्यांनी शिट्टी गळ्यात अडकवली आणि म्हणाल्या, "या."

ती पायऱ्यांवरून उतरली. मी बाकावर तिचा टॉवेल घेऊन बसले होते. पाणी खांद्यापर्यंत आल्यावर ती जरा थांबली आणि मग मान वर ठेवून, गावाकडच्या पद्धतीने, पलीकडच्या काठाकडे निघाली. डावा हात अर्धाच उठत होता, तरी ती पोचली. परत आल्यावर कठड्याला धरून मला म्हणाली, "पाण्याक काय फरक पडाक नाय गो."

दोन वर्षं ती रोज गेली. तिचं पाहून आणखी तिघीजणी आल्या, तशाच ऑपरेशनच्या. त्यांच्यासाठी तिने विणलं. मी मात्र बाकावरच. पाण्याची भीती होती, आणि खरं तर अंगाची लाज. ती म्हणायची, उतर. मी म्हणायचे, पुढच्या महिन्यात.

मग दुखणं उलटलं. इस्पितळात भेटायला गेले की ती आधी तलावाचं विचारायची. एकदा म्हणाली, पाणी कसं आहे सांग. मी सांगितलं, निळं आहे, सकाळी ऊन पडतं, दोऱ्या नव्या लावल्यात. तिने डोळे मिटले. "बाकावरसून काय कळता? उतर, मग सांग."

तिच्याकडचं उरलेलं निळं सूत घेऊन मी तिच्या खाटेशेजारीच माझा पोशाख विणायला बसले. माझे टाके सैल यायचे. ती बोटाने ओढून बघायची आणि मान हलवायची, मी उसवायचे. तीन वेळा उसवलं. शेवटी एका दुपारी तिने कड दोन्ही हातांनी ताणली, सोडली, आणि म्हणाली, आता बरां हा.

ती मंगळवारी गेली. माझा तलावाचा फॉर्म, डॉक्टरांचा दाखला, सगळं होऊन मला दोनच दिवसांनी, गुरुवारपासूनची बॅच मिळाली.

पाणी आधी घोट्यांना गार लागतं. पोटाशी आलं की श्वास अडकतो, आणि त्यानंतर एकदम काहीच वाटत नाही, अंगाचं वजन कुठेतरी जातं. डोकं बुडलं की बाहेरच्या बायकांचे आवाज दूर कुठल्या तरी घरातून आल्यासारखे येतात. आता मला पलीकडच्या काठापर्यंत जाता येतं. तिथे पोचले, की मी कठड्याला धरून थोडा वेळ थांबते. हे सगळं तिला सांगायचं राहिलं आहे.