बोअरचं पाणी

आमच्या कॉलेजच्या बोअरचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही. या पाण्याचा मला पहिल्यापासून राग, कारण रसायनशास्त्र शिकवता शिकवता मी वीस वर्षं एकच उद्योग केला: काचेच्या पट्टीवर रसायनांचा पातळ थर चढवायचा आणि त्यावर ऊन पडल्यावर किती वीज निघते ते मोजायचं. बहुतेकदा सांगण्यासारखी निघत नसे. पण पाणी मात्र डिस्टिल्डच, क्षाराचा कणही नको. आमच्या लॅब अटेंडंटनी एकदा डिस्टिल्डच्या कॅनमध्ये नळाचं पाणी भरलं, तर मी त्यांना अख्ख्या वर्गासमोर झापलं. ते माझ्यापेक्षा वयानं मोठे होते.

माझ्याकडे सोनाळ्याची एक मुलगी पीएच.डी. करत होती. एका उन्हाळ्यात मी परीक्षेच्या ड्युटीवर आठवडाभर बीबी गावी होतो. परत आलो तर तिच्या वहीत आमच्या नेहमीच्या विजेच्या चौपट आकडा. तोवर ती पट्टी विटून गेली होती. हे थर असेच, चार दिवस टिकले तरी खूप. उरली फक्त वही.

मग दोन वर्षं आम्ही त्या आकड्याच्या मागे. रसायनं बदलली, मीटर दुरुस्त करून आणला, वारा लागायला नको म्हणून पंखे, खिडक्या सगळं बंद करून घामाघूम बसलो. आकडा परत आला नाही. मी थकलो, आणि थकलेल्या माणसाला कुणाच्या तरी माथी खापर फोडायचं असतं. आधी तिला एकट्यात विचारलं, "मोजताना चूक नाही ना झाली?" मग एक दिवस चारचौघांत म्हणालो, "आकडे काय, मनानंही लिहिता येतात."

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मी फोनही केला नाही. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

यंदा अटेंडंट निवृत्त झाले. निरोपाचे हारतुरे झाल्यावर आम्ही दोघं लॅबमध्ये चहा घेत बसलो. त्यांनी कप खाली ठेवला.

"सर, आता नोकरी संपली म्हून सांगतो. तुमी बीबीले गेल्ते ना, तवा दिवसभर लाइन नव्हती. पान्याची मशीन बंद. त्या पीएच.डी.वाल्या बाईचं काम अडून राह्यलं होतं, म्हून म्या बोअरचं पानी भरलं कॅनमधी. तिले बी सांगतलं नाई."

"मग मला का नाही सांगितलं, भाऊ?"

"कसं सांगू? मांगं किती चिडले होते तुमी."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः बोअरचं पाणी आणून थर केले. आकडा आला. तिनं लिहिला होता तेवढाच. पाण्यातल्या कुठल्यातरी क्षारानं थराला ताकद दिली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी स्टुलावर बसून राहिलो. लाज वाटत होती.

ती आता शेगावला शिकवण्या घेते. रविवारी गेलो. एक बॅच आत बसलेली, ती दारातच उभी राहिली. मी सगळं सांगितलं. चुकलो म्हणालो. परत ये, काम पुरं करू, असंही म्हणालो.

ती म्हणाली, "सर, तवा आपण केमिकल तपासले, मीटर तपासलं, पंखे बंद केले. पानी काऊन नाही तपासलं?"

"पाण्यावर माझा भरवसा होता गं."

"हाव सर," ती म्हणाली. "पान्यावर होता."

आतून पोरं हाका मारत होती. चहा घेऊन जा म्हणाली आणि शिकवायला आत गेली.